पिवळ्या कोपऱ्याचा कागद

बार्शीटाकळी
२२ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. पौर्णिमास,

आशीर्वाद. हा शब्द बेबीताईनं लिवला, मी नाई. ते म्हणते पत्र असंच सुरू करा लागते. मी म्हटलं लिव बाप्पा, तुह्या अंगणवाडीतल्या लेकरांवानी मी बी ऐकतो. मले अक्षर येत नाई हे तुले माहीत हाय. मी बोलून राहिली अन् ते लिवून राहिली. जसं निघन तसंच लिवजो असं बजावलं तिले. कुठं लय शहाण्यासारखं वाटलं तं समजजो का तिनं घुसाडलं.

फोन काहून नाई केला म्हणशील, तं फोन आता नाई. तुह्या गजूनं तो पाण्याच्या रांजणात टाकला. त्यातून कोणी ऐकून राहिलं म्हणे. मी म्हटलं, बाबू, माहं बोलणं ऐकून त्याईले काय भेटन, माहे गुडघे अन् सोयाबीनचा भाव? हासला नाई. सतरा वर्षं फौजेत राहून आलेला माणूस, त्याले मी काय समजावू. म्हणून पत्र. तुहं उत्तर भिंतीपल्याडच्या जैनबबीच्या पत्त्यावर धाड, आमच्या नाई.

आता खरी गोष्ट. बंदूक घरात नाई. इलेक्शन लागलं, तं ज्याच्या नावावर लायसन हाय त्यानं ते ठाण्यात जमा करा लागते. बँकेच्या दारावर उभं राहाच्या नोकरीसाठी घेतली होती, नोकरी गेली अन् बंदूक राहिली. शनिवारी गेला, देऊन पावती घेऊन आला. आल्यावर दोन्ही हात कुठं ठेवावं हेच त्याले समजेना. शेवटी मी त्याच्या हातात शेंगा सोलाले देल्ल्या.

तं दिवाळीले ये. अपेक्षाले आण. तिची उंची मोजलेली खडूची रेघ दाराच्या चौकटीवर हाय अजून, मी सारवतानी तेवढी जागा सोडतो. चार महिन्यांत पोरगी वाढली असंल, रेघ तिथंच हाय.

मी ठीक हाय. तो ठीक हाय. म्हैस आटली, तेवढं सोडलं तं सगळं ठीक हाय.

तुही आजेसासू मैनाबाई. खाली डाग दिसते तो माहा अंगठा.

~

अमरावती
२८ ऑक्टोबर २०२४

ती. आजी,

नमस्कार. पत्र पाहून आधी हसले आणि मग रडले. दोन्ही तुमच्यामुळेच.

मी दिवाळीला येणार नाही. रागावू नका. जूनमधल्या त्या दिवशी तुम्ही अकोल्याला बाजाराला गेल्या होतात, आणि मी तुम्हाला सगळं सांगितलं नव्हतं. आता सांगते. सोयाबीन नुकतं उगवलं होतं. रानडुकरं हाकलायला लोक शेतात पाइपाच्या तोफा उडवतात, तशा त्या दुपारी एकामागून एक चार उडाल्या. हे बंदूक घेऊन दारात उभे राहिले. आम्हा दोघींना जमिनीवर पालथं पडायला लावलं. आम्ही दोन तास तशाच पडून होतो. अपेक्षाला तहान लागली म्हणून मी पाण्याला उठले. त्यांनी नळी माझ्याकडे फिरवली आणि हिंदीतून विचारलं, "कौन है?" आजी, मी नाव सांगितलं. दोनदा सांगितलं. मी त्यांना दिसतच नव्हते. अपेक्षानं "बाबा" म्हटलं तेव्हा नळी खाली झाली, आणि मग ते माठाजवळ बसून लहान पोरासारखे थरथरत राहिले.

मी माहेरी रागावून आले नाही. भिऊन आले. त्यांना सोडायचं माझ्या मनात नाही, पण पोरीला परत त्या जमिनीवर पालथी पाडणार नाही.

इथल्या मनाच्या डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, औषधानं माणूस सावरायला वेळ लागतो, तोवर घर सावरून ठेवा. बंदूक घरात नको हे पहिलं. फवारणीचं औषध नको. विळी, कुऱ्हाड, सुरी समोर नको. गोळ्या त्यांच्या हातात देऊ नका, आपण मोजून द्या. आतून कडी लावून घेता येऊ नये. आणि ज्या आवाजानं ते बिथरतात तो आवाज टाळता आला तर टाळा. आजी, यातलं किती जमेल ते मला ठाऊक नाही. तुम्ही एकट्या आहात. पण तुम्हीच आहात.

तुमची
पौर्णिमा

~

बार्शीटाकळी
१२ नोव्हेंबर २०२४

चि. पौर्णिमा,

तुही यादी बेबीताईनं वाचली. मी म्हटलं, सूनबाईनं सासूले कामं सांगाची आस पत्रातून बी पुरी केली.

ऐक तं मंग. विळी, कुऱ्हाड, सुरी, अडकित्ता, सगळं जैनबबीकडे. आता भाजी चिराची असली का मी टोपलं घेऊन भिंत वलांडतो. जैनबबी म्हणते, मैनाबाई, तुम्हारा आधा घर इधर आ गया, अब तुम भी आ जाव. कांदा मी बुक्कीनं फोडतो. फवाऱ्याचं औषध जैनबबीच्या घरच्या अब्दुल रहीमच्या लाकडाच्या वखारीत, कुलपात. बिचाऱ्यानं एका शब्दानं विचारलं नाई. सुतार माणूस, त्याले ठोकाठोकीच्या बाहेरचं बोलणं कमीच.

गोळ्यांचं म्हणशील, तं त्याच्या पाकिटावर काय लिवलं ते मले काय माहीत. मी दोन खिशाची पिशवी शिवली. सकाळचा खिसा लाल, सांजचा काळा. बेबीताई सोमवारी भरून देते. मी एकएक काढून त्याच्या हातावर ठेवतो अन् तोंड उघडून दाखव म्हणतो. तोंड उघडते. दाढा किडल्या त्याच्या.

आवाजाचं लय अवघड होतं. डुकरं अन् पीक खाणारे रोही कोणाचं ऐकतेत? मी आमच्या घराजवळच्या सहा शेतावर जाऊन सांगून आली का तोफ उडवू नका. एक म्हणे, आजी, मंग पीक काय तुम्ही राखता? मी म्हटलं, लुगडे बांध. जुन्या लुगड्याचं कुंपण पाह्यलं का डुक्कर बिचकते, हे त्याले बी माहीत होतं, पण लुगडे आणाचे कुठून? मंग मी घरोघर मागून आणले. एकोणतीस लुगडे जमले. जैनबबीच्या दोन ओढण्या बी हायेत, हिरव्या. आता सारा शिवार नेसून उभा हाय अन् तोफ उडत नाई. नाल्यापल्याडचे दोघं तेवढे मानत नाई, पण ते लांब हाय.

आतल्या कड्या अब्दुल रहीमनं काढल्या.

लक्ष्मीपूजनाले गजू आपणहून बसला. दरवर्षी बंदूक मांडते ना तो पूजेत, औंदा बंदूक नाई, तं त्यानं ठाण्याची पावती मांडली. तिच्या कोपऱ्याले हळद लावली, फूल वाहिलं. मी म्हटलं, बाबू, लक्ष्मीले वाटन तू तिले समन्स देऊन राहिला. या वक्ती जराकसा हासला. तुले हेच सांगासाठी पत्र धाडून राहिली.

मैनाबाई

(पौर्णिमा, हे मी माझ्या मनानं लिहिते, आजींना सांगू नको. त्यांच्या डाव्या मनगटाला प्लास्टर आहे. ओट्यावरून पडले म्हणतात. मला पटलं नाही. — बेबी)

~

अमरावती
३० नोव्हेंबर २०२४

ती. आजी,

मनगटाला काय झालं? मला कोणी सांगितलं ते विचारू नका. तुम्ही ओट्यावरून कधी पडत नाही. ऐंशीव्या वर्षी चिंचेवर चढलेल्या आहात.

दुसरं. इलेक्शन झालं. आता ठाण्यातून बंदुका परत देतील. मी इथं चौकशी केली. लायसन रद्द करा आणि बंदूक ठाण्यातच राहू द्या, असा अर्ज करता येतो. पण सही त्यांची स्वतःची लागते. अर्ज टाइप करून सोबत पाठवते. तुम्हाला ओळखू यावा म्हणून वरच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावलंय. त्यांचं डोकं शांत असेल त्या दिवशी सही घ्या. फसवून घेऊ नका. समजावून घ्या.

ती सही झाली आणि अर्ज ठाण्यात पोचला, की मी संक्रांतीला अपेक्षाला घेऊन येईन. एका दिवसासाठी. हे मी वचन म्हणून लिहिते.

पौर्णिमा

~

बार्शीटाकळी
२० डिसेंबर २०२४

चि. पौर्णिमा,

बेबीताईच्या पोटात पाणी नाई टिकत, तिच्या समोरच लिवून घेऊन राहिली. मान खाली घालून लिवते, पाह्य. लिव, लिव.

मनगट गजूच्या हातानं मोडलं. पण चूक माही. कड्या काढल्या तं त्याची झोपच गेली. ज्या घराले आतून कडी नाई त्या घरात तो डोया लावू शकत नाई. रातभर दाराले पाठ लावून बसे. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथंच त्याची मान लवंडली, अन् मी मागून खांद्याले हात लावला का बाबू, गादीवर नीज. बस. मंग माह्याजवळ बसून इतका रडला का मलेच त्याले उगी कराव लागलं. हाडाचा डॉक्टर म्हणे काय झालं, मी म्हटलं नातवासंग कुस्ती खेळली.

अब्दुल रहीमनं आता कडी परत लावली, पण अशी का बाहेरून तार घातली तं उघडते. गजूले कडी दिसते, मले तार दिसते.

अन् झोपेची युक्ती मले सापडली. तुले त्यानं कधी सांगितलं का माहीत नाई. तिकडे फौजेत वरती त्याचा जोडीदार पहाऱ्यावर झोपला होता, अन् त्या झोपेत याच्या तंबूतले दोघं गेले. तवापासून हा कोणाच्या पहाऱ्यावर भरोसा ठेवत नाई. मी म्हटलं, माह्यावर ठेव. म्हातारीले तशी बी झोप नाई. मंग त्यानं मले शिकवलं. दुपारी एक वाजता मी काठी घेऊन दारात जातो. तो विचारते, शब्द? मी त्यानं सकाळी देल्लेला ओळखीचा शब्द सांगतो. पयल्या दिवशी सेमाडोह होता, जिथं तुम्ही लग्नानंतर वाघ पाहाले गेले अन् माकडं पाहून आले. मंग मी म्हणतो, "पहारा बदली." तो सलाम करते अन् आत जाऊन चार वाजेलोक मेल्यावानी झोपते. तीन तास. औषधानं झालं नाई ते माह्या काठीनं झालं. ओट्यावरून जाणारे हासते. मी त्याईले बी शब्द विचारतो.

तुहा पिवळ्या कोपऱ्याचा कागद पेटीत हाय. एकदा काढला तं म्हणे, सिपाही हत्यार सोडत नाई. मी ठेवून देल्ला. घाई नाई. तिळगूळ करून ठेवतो, तू ये.

मैनाबाई

~

बार्शीटाकळी
१९ जानेवारी २०२५

पौर्णिमा,

अकरा तारखेले बेबीताईनं तुले जैनबबीच्या फोनवरून सांगितलं का संक्रांतीले येऊ नको, अन् कारण सांगितलं नाई. मीच नको म्हटलं होतं. कारण आता सांगतो. कारण मी हाय.

दहा तारखेले बेबीताई अकोल्याले ट्रेनिंगले गेली होती. गजू त्या दिवशी लय दिवसांनी नीट उठला. दाढी केली. भाकर मागून खाल्ली. मले वाटलं, आज डोकं निवळ हाय, आजच. संक्रांतीले चार दिवस होते. बेबीताई उद्या येणारच होती, एक दिवस थांबली असती तं माहं काय जात होतं? पण मी म्हटलं, पिवळा कोपरा ओळखाले अक्षर कशाले लागते.

पेटीत पिवळे कोपरे दोन होते, पोरी. एक तुहा. एक लक्ष्मीपूजनाच्या पावतीचा.

मी पयला दिसला तो काढला अन् त्याच्या हातावर ठेवला. म्हटलं, बाबू, हा घेऊन ठाण्यात जा, सही करून ये, अन् एकदाचं त्या बंदुकीचं उरकून टाक. त्यानं कागद वाचला. मंग माह्याकडे पाह्यलं.

"आजी, खरंच?"

मी म्हटलं, खरंच.

"तुले भेव नाई वाटत?"

मी म्हटलं, आता नाई वाटणार.

तो माह्या पाया पडला, पौर्णिमा. इस्त्रीचा सदरा घालून गेला. दुपारी खांद्यावर बंदूक घेऊन आला. त्याच्या तोंडावर जे होतं ते मी तुमच्या लग्नानंतर पाह्यलं नव्हतं. माह्या आजीनं माह्यावर भरोसा ठेवला, असं त्यानं जैनबबीले भिंतीवरून सांगितलं. अन् मी चुलीजवळ बसून राहिली. कोणत्या तोंडानं सांगू का मले कागद वाचता नाई आला?

दुसऱ्या दिवशी बेबीताई आली. आधी तुले फोन करवला, मंग ठाण्यात धाडली. ते तिकडे गेली अन् इकडे नाल्यापल्याड तोफ उडाली. एक. मंग दोन. तो दारात उभा राहिला. एक वाजाले आला होता. मी काठी घेतली. त्यानं नळी माह्या पोटावर धरली अन् शब्द विचारला. त्या दिवशीचा शब्द पातूर होता, गावाचं नाव. मी पातूर म्हटलं. मंग म्हटलं, "पहारा बदली. हत्यार दे."

त्यानं बंदूक मधून वाकवून उघडली, दोन्ही काडतुसं काढून माह्या हातावर ठेवली, नळी रिकामी हाय हे मले वाकून दाखवलं. सलाम केला. आत जाऊन झोपला.

मी बंदूक भिंतीवरून अब्दुल रहीमच्या हातात देल्ली. ठाण्यातून दोघं जण आले अन् घेऊन गेले. जीपच्या आवाजानं तो उठून दारात आला. जीप वळून जाताना त्याले दिसली. तो ओरडला नाई, काही फेकलं नाई. मले एवढंच म्हणे,

"मी झोपलो होतो तवा?"

मी पहाऱ्यावर होती, पोरी. त्याच्या झोपेत.

त्या दिवसापासून तो झोपला नाई. माह्या हातची गोळी घेत नाई, माह्या हातचं पाणी घेत नाई. मी काठी घेऊन दारात गेली तं शब्द विचारत नाई, बाजूले होऊन मले जाऊ देते, जशी मी कोणी वाटसरू. सहाव्या दिवशी अब्दुल रहीमसंग अकोल्याच्या दवाखान्यात गेला. चालत गेला. त्याले भरती केलं.

आता घर तुह्या यादीप्रमाणं हाय. बंदूक नाई, औषध नाई, विळी नाई. तो बी नाई.

मैनाबाई

~

अमरावती
२४ जानेवारी २०२५

आजी,

अर्जाला हळद मी लावली. ओळख म्हणून मला तेवढंच सुचलं. दिवाळीच्या पूजेचं तुमच्या आधीच्या पत्रात स्वतः वाचलं होतं, तरी माझ्या लक्षात आलं नाही. तेव्हा कारण एकट्या तुम्ही नाही.

तुम्ही बंदुकीपुढे उभ्या राहिलात. मी उभी राहिले होते तेव्हा मला शब्द माहीत नव्हता.

मी येते. तुमच्याजवळ राहते. अपेक्षाला आईकडे ठेवते. कधी येऊ ते कळवा.

पौर्णिमा

~

बार्शीटाकळी
६ फेब्रुवारी २०२५

चि. पौर्णिमा,

काल दवाखान्यात जाऊन आली. तिथल्या डॉक्टरीणबाईनं त्याले तुहा खरा कागद समजावून सांगितला, तिसऱ्यांदा. त्यानं सही केली. समजून केली का थकून केली हे मी सांगू शकत नाई. बेबीताई उद्या ठाण्यात नेऊन देते. या खेपेले तिनं तो मले तीनदा वाचून दाखवला, मी चौथ्यांदा जैनबबीच्या सुनेकडून वाचून घेतला. हळद पुसून टाकली.

तिथं तो इंजेक्शनानं झोपते. वाळला हाय. माह्याकडे पाहत नव्हता. मी अर्धा घंटा बसून माह्या म्हशीचं, बेबीताईच्या बढतीचं, शिवारातल्या लुगड्याचं सांगत राहिली. तुहं पाचवारी निळं लुगडं वाऱ्यानं उडून नाल्यापल्याडच्या त्या तोफवाल्याच्या बाभळीले अडकलं म्हटलं, आता त्याच्या शेतात बी डुक्कर येत नाई. मी उठली तं म्हणे,

"घरी पहाऱ्यावर कोण हाय?"

मी म्हटलं, कोणी नाई, कुलूप हाय.

तं म्हणे, "चौकी खाली ठेवत नाई. तू जा." अन् तोंड भिंतीकडे केलं.

मी विचारलं, आजचा शब्द? मी दारापर्यंत गेली अन् वळून पाह्यलं. नाई बोलला. मी फितूर, मले कोण सांगन?

म्हणून आता मी रोज एक ते चार काठी घेऊन दारात बसतो. घर रिकामं हाय, पण हुकूम हाय. जैनबबी म्हणते, किसका पहारा दे रही हो? मी म्हणतो, जे हाय त्याचा. तुह्या पोरीच्या उंचीची रेघ हाय, माही गोधडी हाय.

तू कधी येऊ म्हणते. आत्ता इथं येऊ नको. आली तं मले तुले आत घेता येणार नाई. पहारेकऱ्यालेच शब्द माहीत नाई, तं तो दुसऱ्याले कसा सोडन? माही थट्टा समजू नको. मी खरंच सोडणार नाई.

शब्द त्याच्याजवळ हाय. पाहिजे असंल तं अकोल्याच्या वार्डात जा अन् त्याले विचार. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळचा पलंग. समोरून जाजो, मागून खांद्याले हात लावू नको. भेटाची वेळ चार ते सहा हाय. मी तवा पहाऱ्यावरून मोकळी असतो, पण मी येणार नाई.

मैनाबाई, अंगठा